दुकान चालवणाऱ्या आईची लेक : एडना फर्बर

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला एका सभासदाने एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या, डॉक्टर आनंदीबाई झाल्या. यंदा मी अमेरिकेतल्या एका लेखिकेचे नाव दिले, तेव्हा चिटणीसबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी कादंबरी वाचण्याइतके इंग्रजी मला येत नाही हे साऱ्या वाडीला ठाऊक आहे. पण माझी मुलगी कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकली आणि फर्बरबाईंची पुस्तके तिने मला दोन पावसाळे मराठीत सांगितली. पुढे त्यांवरचे सिनेमेही तिने शेजारी बसून समजावून दाखवले. तेव्हा मी आज बोलणार आहे ते कानाने वाचलेले आहे, एवढे समजून घ्यावे.

एडना फर्बर यांचा जन्म १५ ऑगस्ट १८८५ चा. तारीख आपल्याला विसरता येण्याजोगी नाही. गाव मिशिगन राज्यातले कॅलामझू. वडील जेकब हे हंगेरीहून आलेले ज्यू गृहस्थ, धंदा दुकानदारीचा. आईचे नाव ज्यूलिया. दोन मुली, त्यांत एडना धाकटी. वडील मनाने फार चांगले, पण व्यापार त्यांना साधला नाही. एका गावात जम बसला नाही म्हणून दुसऱ्या गावी जायचे, असे चालले होते. आयोवा राज्यातल्या ऑटम्वा नावाच्या गावी ही मंडळी सात वर्षे होती. एडना तेव्हा लहान होती. दुपारी वडिलांचे जेवण दुकानावर पोचवायला निघाली की रस्त्यावरची रिकामटेकडी माणसे ती ज्यू म्हणून तिची टवाळी करीत, वाईट बोलत. वडिलांचे जेवण तर पोचवायचे, आणि वाट तीच. हे दिवस त्या जन्मभर विसरल्या नाहीत. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहून ठेवले आहेत.

मग विस्कॉन्सिन राज्यातले ॲपलटन. तिथे दुकान काढले, नाव ठेवले ‘माय स्टोअर’, म्हणजे ‘माझे दुकान’. पण वडिलांची दृष्टी जात चालली होती. हळूहळू ते पुरते आंधळे झाले. घरात दोन मुली, नवरा आंधळा, आणि दुकानावर देणे. तेव्हा ज्यूलियाबाई गल्ल्यावर जाऊन बसल्या. माल आणायला त्या स्वतः शिकागोला जाऊ लागल्या. कोणता माल गावात खपेल, उधारी कोणाला द्यायची, उरलेल्या खेळण्यांचे आणि कपबशांचे काय करायचे, हे सारे त्यांनी हाती घेतले. सगळे आयुष्य दुकानात घालवू असे त्यांना मुलगी असताना स्वप्नातही वाटले नसेल. पण देणे फिटत गेले. वडील १९०९ साली वारले. तोवर घर चालले ते आईच्या हिशेबाच्या वहीवर.

मैत्रिणींनो, फर्बरबाईंच्या पुढच्या साऱ्या लेखनाची किल्ली मला या दुकानात सापडली. मोठमोठे विद्वान काय म्हणत असतील ते असो. पण पुस्तकामागून पुस्तक ऐकत गेले तसे माझ्या लक्षात आले की, बाई प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगते आहे. पुरुष देखणा असतो, बोलका असतो, लोकांना आवडणारा असतो. तो कधी मरतो, कधी निघून जातो, कधी हात टेकतो. आणि मग बाई उठते, पदर खोचते आणि दुकान उघडते. दुकानाच्या जागी कधी भाजीचा मळा असतो, कधी वर्तमानपत्र, कधी नदीवरचे तरंगते नाटकघर.

एडनाला स्वतःला नटी व्हायचे होते. शाळेत पाठांतर आणि वक्तृत्व यांत ती पुढे असे. पण पुढे शिकवायला घरात पैसे नव्हते. सतराव्या वर्षी ती गावच्या ‘ॲपलटन डेली क्रेसेंट’ या वर्तमानपत्रात बातमीदार झाली, पगार आठवड्याला ३ डॉलर. एक कोवळी मुलगी कचेऱ्यांतून आणि पोलीस ठाण्यांतून बातम्या गोळा करीत हिंडते, हे १९०२ सालच्या छोट्या गावात कोणाला रुचले असेल? पण माणसाचे बोलणे कसे ऐकावे, खिडकीतल्या पडद्यावरून घर कसे ओळखावे, हे ती तिथेच शिकली. हुदिनी नावाचा जगप्रसिद्ध जादूगार ॲपलटनला आला, तेव्हा त्याची मुलाखत हिनेच घेतली. पुढे मिलवॉकी शहरातल्या पत्रात ती गेली. तिथे इतके राबली की अंगातले रक्तच आटले. चक्कर येऊन पडली आणि घरी परत आली.

आता आजारी मुलीने काय करावे? तिने १७ डॉलरला एक जुना टंकलेखनाचा यंत्र घेतला आणि गोष्टी लिहायला बसली. पहिली गोष्ट १९१० साली एका मासिकात छापून आली. तिची नायिका रूपाने सामान्य होती, आणि हे त्या काळी नवे होते. पहिली कादंबरी लिहून झाली तेव्हा ती एडनाला मुळीच पसंत पडली नाही. तिने ती टाकून दिली होती आणि आईने ते कागद उचलून जपून ठेवले, असे सांगतात. १९११ साली ती छापली गेली. दुकानात बसणाऱ्या बाईला कोणता माल टाकाऊ आणि कोणता विकाऊ हे बरोबर कळते!

नंतर आल्या एमा मॅकचेस्नी या बाईच्या कथा, आणि फर्बरबाईंचे नाव घरोघर झाले. एमा ही घटस्फोट घेतलेली बाई, पदरी एक मुलगा. ती गावोगाव आगगाडीने फिरून परकर विकते. म्हणजे परकरांच्या कंपनीची फिरती विक्रेती. नमुन्यांच्या पेट्या घेऊन उतरायचे, दुकानदारांना भेटायचे, ऑर्डर मिळवायची, रात्री कोठल्यातरी हॉटेलात निजायचे. त्या काळी हे काम पुरुषांचे. एकटी बाई हॉटेलात उतरली म्हणजे लोक कोणत्या नजरेने बघत, ते मी सांगायला नको. त्यांपैकी एका संग्रहाचे नावच हॉटेलातल्या एका साध्या पदार्थाचे आहे. पदार्थ आपल्याला चालणारा नाही, पण मतलब असा की, परगावी जेवायला बसलात की चमचमीत नावांच्या मागे लागू नका, साधे काय ते मागवा. आपण म्हणू, वरणभात मागवा. एमाचे हे मत जेवणापुरतेच नाही, माणसांच्या बाबतीतही ती तसेच वागते. या कथांवर १९१५ साली नाटक झाले आणि १९१८ साली मूकपट. दोन्हींत एथेल बॅरीमोर ही गाजलेली नटी होती. लोकांना आणखी कथा हव्या होत्या. पण तीन पुस्तके झाल्यावर बाईंनी एमाला रजा दिली. तोच तोच माल किती दिवस विकायचा, असे त्यांना वाटले असावे.

आता मी माझ्या आवडत्या पुस्तकाकडे येते. त्याचे नाव ‘सो बिग’, साल १९२४. आपण तान्ह्या बाळाला विचारतो ना, ‘बाळ केवढं? एवढ्ढं!’ आणि त्याचे हात वर करतो. अमेरिकेतही आया असेच करतात. त्या ‘एवढ्ढं’चेच इंग्रजी म्हणजे ‘सो बिग’. सेलिना नावाची आई आपल्या डर्कला त्याच नावाने हाक मारते, म्हणून पुस्तकाचे नाव ते.

सेलिना ही एका जुगारी माणसाची आईवेगळी मुलगी. बाप प्रेमळ, पण आज हॉटेलात तर उद्या खानावळीत असे त्याचे जिणे. शिकागोत दुसऱ्यावर झाडलेली गोळी त्याला लागते आणि तो मरतो. एकोणीस वर्षांची ही पोर शिकागोजवळच्या हाय प्रेअरी नावाच्या खेड्यात मास्तरीण म्हणून जाते. तिथे सगळे हॉलंडहून आलेले शेतकरी, भाजीपाला पिकवणारे. पहिल्याच दिवशी बैलगाडीसारख्या त्या घोड्याच्या गाडीतून जाताना दुतर्फा कोबीचे वाफे बघून ती म्हणते, किती सुंदर कोबी! गाडीवाला शेतकरी पोट धरून हसतो. कोबी म्हणे सुंदर! गावभर ही थट्टा होते. पण कादंबरीचा सारा जीव त्या कोबीत आहे. आपण मंडईत जांभळ्या-हिरव्या भाजीचा ढीग पाहून क्षणभर थांबतो आणि मग भाव विचारतो. सेलिनाचे ते थांबणे जन्मभर टिकले.

तिथल्या एका तरण्या शेतकऱ्याशी, पर्व्हसशी, तिचे लग्न होते. माणूस देखणा आणि सरळ, पण जुन्या चालीचा. जमीन पाणथळ. पाण्याला वाट काढा, नवी पिके घ्या, असे सेलिना सुचवते. तो म्हणतो, माझ्या वडिलांनी जे केले तेच मी करणार. संसारात असा संवाद ज्यांनी ऐकला नाही, त्यांनी हात वर करावा! सेलिना राबते. हातांची कातडी जाते, केस जातात, पुस्तके वाचायची राहून जातात. मग एकदा बाजाराच्या रात्री पावसात गाडीखाली निजून पर्व्हसला न्यूमोनिया होतो आणि तो दगावतो.

यापुढचा भाग मी मुलीला दोनदा सांगायला लावला. शेतात भाजी तयार आहे. ती बाजारात गेली नाही तर सडणार. शिकागोच्या हेमार्केट बाजारात शेतकरी रात्रभर गाड्या हाकीत येत आणि पहाटे माल विकत. तिथे बाया विकायला येत नसत. सेलिना गाडी भरते, शेजारी पोराला बसवते आणि भर दिवसा गावातून निघते. नवऱ्याला जाऊन फार दिवस झालेले नाहीत, आणि ही गाडी हाकते आहे! गावातले लोक नाके मुरडतात. बाजारात तर व्यापारी तिच्या गाडीवरून सरळ पुढे जातात. माल चांगला आहे, तिने जुड्या नीट धुऊन, रंग बघून लावल्या आहेत, तरी कोणी घेत नाही. बाईशी घासाघीस कशी करायची? दुपार होते. भाजी कोमेजू लागते. मग ती श्रीमंतांच्या वस्तीत दारोदार भाजी विकायला जाते, तर पोलीस अडवतो, परवाना कुठे आहे? त्याच वेळी एका बंगल्याच्या दारात तिची शाळेतली मैत्रीण ज्यूली तिला ओळखते. ज्यूलीचे वडील पूर्वीचे साधे खाटीक, आता मोठे व्यापारी. ते तिला पैसे देऊ करतात. सेलिना ते घेते, पण उसने म्हणून घेते, फेडायच्या बोलीवर. जमिनीतले पाणी काढले जाते. ॲस्परॅगस नावाची कोंबांची महागडी भाजी ती लावते. पुढे तिच्या मळ्याचा माल शिकागोत नावाने ओळखला जातो.

इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालण्यासारखी झाली असती. फर्बरबाई तिथे थांबत नाहीत. एवढे करून वाढवलेला डर्क कसा निघतो? तो घरे बांधण्याचे शास्त्र शिकतो, आणि ते सोडून कर्जरोखे विकायच्या पेढीत जातो, कारण तिथे पैसा झटकन मिळतो. चांगले कपडे, नोकर, मोटार. आईला सारे मिळाले असे लोक म्हणतात, आणि आई मात्र गप्प होते. उलट ज्या मुलाला तिने शेजारच्या घरी दिव्याखाली चार अक्षरे शिकवली होती, तो रोल्फ मोठा मूर्तिकार होऊन परत येतो. चित्रकार असलेल्या ज्या मुलीवर डर्कचा जीव जडला आहे, तिला डर्कचे गुळगुळीत हात आवडत नाहीत. ती सेलिनाच्या राबलेल्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघत राहते. मुलगा नापास झाला असे कोणी म्हणणार नाही. पण आईच्या मनात काय झाले असेल, ते इथे बसलेल्या आयांना कळेल.

गंमत म्हणजे, ही कादंबरी चालणार नाही अशी फर्बरबाईंची खात्री होती. भाजीवाल्या बाईची गोष्ट कोण वाचणार? आपल्याला ती छापायची भीती वाटते असे त्यांनी प्रकाशकाला कळवले होते. १९२५ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्यावर तीन वेळा सिनेमा निघाला, १९२४, १९३२ आणि १९५३ साली. १९३२ च्या सिनेमात सेलिना झाली बार्बरा स्टॅनविक, १९५३ च्या सिनेमात जेन वायमन.

यानंतरच्या ‘शो बोट’ची हकिगत वटवाघळांपासून सुरू होते. १९२४ साली जॉर्ज कॉफमन या नाटककाराबरोबर फर्बरबाईंनी ‘मिनिक’ नावाचे नाटक लिहिले. त्याचा पहिला प्रयोग एका जुन्या नाट्यगृहात झाला, आणि दिवे लागताच छपरातली वटवाघळे प्रेक्षकांच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. प्रयोगाचा बोजवारा उडाला. सगळे हिरमुसून बसले असताना नाटकाचे निर्माते थट्टेने म्हणाले की, पुढच्या वेळी आपण शो बोटच भाड्याने घेऊ. शो बोट म्हणजे काय, असे बाईंनी विचारले. तेव्हा कळले की, नद्यांवरून गावोगाव फिरणारी तरंगती नाटकघरे असतात. नाव किनाऱ्याला लागते, गाव नाटक बघते, सकाळी नाव पुढच्या गावी. बाई उठून १९२५ साली नॉर्थ कॅरोलायनात गेल्या आणि अशा एका नावेवर नटांबरोबर राहून आल्या. १९२६ साली कादंबरी आली.

तिच्यात ज्यूली नावाची एक नटी आहे. दिसायला गोरी, पण अंगात काळ्या वंशाचे थोडे रक्त. तिचा नवरा स्टीव्ह गोरा. मिसिसिपी राज्यात त्या काळी गोऱ्या-काळ्यांचे लग्न हा गुन्हा. पकडायला पोलीस अधिकारी येतो आहे असे कळताच स्टीव्ह चाकूने ज्यूलीचे बोट कापतो आणि ते रक्त तोंडात घेतो. मग सर्वांसमक्ष सांगतो, माझ्याही अंगात काळे रक्त आहे! अटक टळते, पण दोघांना नाव सोडावी लागते. असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ च्या जूनमध्ये. फर्बरबाई तेव्हा हयात होत्या.

१९२७ साली यावर संगीत नाटक झाले, आणि १९२९, १९३६ व १९५१ साली सिनेमे. आता माझी तक्रार ऐका. कादंबरीत नायिका मॅग्नोलियाचा नवरा जुगारी असतो. तो तिला आणि मुलीला सोडून जातो, तो परत येतच नाही. ती स्वतः गाणी म्हणून मुलीला वाढवते. तिचे वडील नदीत बुडून मरतात आणि तिची आई पार्थी, फार खाष्ट बाई, ती नाव आणि नाटककंपनी एकटीने चालवते आणि गबर पैसा मिळवते. शेवटी मॅग्नोलिया त्या नावेवर परत येते, ती मालकीण म्हणून. संगीत नाटकात आणि सिनेमात काय केले? वडिलांना जिवंत ठेवले, पळून गेलेल्या नवऱ्याला शेवटी परत आणून मिलन घडवले, आणि पार्थीला नुसती कटकटी म्हातारी करून टाकली, लोकांनी हसावे म्हणून. गाणी अवीट आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नावेचा हिशेब कोणी ठेवला ते पडद्यावर दिसलेच नाही.

‘सिमॅरॉन’ ही १९३० साली अमेरिकेत सर्वांत खपलेली कादंबरी. ओक्लाहोमात १८८९ च्या एप्रिलमध्ये सरकारने जमीन खुली केली आणि हजारो माणसे घोडे दौडवीत जागा धरायला धावली, तिथून ती सुरू होते. नवरा यान्सी शूर आणि वाक्पटू. पाच-पाच वर्षे नाहीसा होतो. बायको साब्रा त्याचे वर्तमानपत्र चालवते आणि अखेर देशाच्या लोकसभेत निवडून जाते. पण साब्रा देवता नाही. मूळच्या रेड इंडियन लोकांचा ती तिटकारा करते, आणि तिचाच मुलगा ओसेज जमातीची मुलगी करतो. साब्रासारख्या आत्मसंतुष्ट बायकांना बाईंनी यात चिमटे काढले होते. वाचकांनी ती शूरवीरांची गोष्ट म्हणून डोक्यावर घेतली, याचे बाईंना वाईट वाटले. १९३१ च्या सिनेमाला उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९६० साली तो पुन्हा काढला, तो बाईंना आवडला नाही.

कॉफमन यांच्याबरोबरची नाटके मी भरभर सांगते. ‘डिनर ॲट एट’ मात्र आपल्या कामाचे आहे. एका श्रीमंत बाईने पाहुणे जेवायला बोलावले आहेत. तिचा नवरा धंद्यात बुडत चालला आहे, आजारी आहे, प्रत्येक पाहुण्याच्या घरी काहीतरी कोसळते आहे, आणि हिला चिंता कसली, तर सुरेख सजवलेला पदार्थ स्वयंपाकघरात बिघडला त्याची! नाटक १९३२ चे, सिनेमा १९३३ चा. ‘स्टेज डोअर’ हे नाटक, नटी होऊ पाहणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाचे. १९३७ च्या सिनेमात ते इतके बदलले की कॉफमन म्हणाले म्हणे, याला ‘स्क्रीन डोअर’ म्हणा. स्क्रीन म्हणजे सिनेमाचा पडदा, आणि स्क्रीन डोअर म्हणजे माश्यांसाठी लावतात तो जाळीचा दरवाजा. नटी होण्याची हौस बाईंनी १९४० साली एकदा भागवून घेतली. ‘द रॉयल फॅमिली’ या आपल्याच नाटकात त्यांनी काम केले.

राहता राहिली ‘जायंट’, १९५२ सालची. टेक्सासमधल्या लाखो एकरांच्या एका जमीनदाराची ही गोष्ट. बायको लेस्ली दुसऱ्या राज्यातून आलेली. ती बघते की, जमीन राबवणारे मेक्सिकन लोक झोपड्यांत राहतात, त्यांच्या मुलांना औषध नाही. ती विचारते, आणि विचारणे सोडत नाही. पुढे तिचा मुलगा डॉक्टर होतो आणि मेक्सिकन मुलगी करतो. टेक्सासचे लोक या पुस्तकावर भयंकर संतापले. १९५६ च्या सिनेमात एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन आणि जेम्स डीन होते. डीन तर सिनेमा पडद्यावर येण्याआधीच, १९५५ साली, मोटार अपघातात गेला. सिनेमात एक खानावळवाला मेक्सिकन लोकांना जेवू घालायला नकार देतो, तेव्हा जमीनदार बिक त्याच्याशी मारामारी करतो. टाळ्यांचे दृश्य आहे. कादंबरीत मात्र त्या वेळी बिक तिथे नसतोच. लेस्ली, तिची सून आणि नातवंड यांनाच ‘तुम्हाला इथे मिळणार नाही’ हे ऐकून बाहेर पडावे लागते. मारामारी नाही, विजय नाही. अपमान गिळून गाडीत बसायचे. दोन्हींतले खरे कोणते, हे ज्याला कोठल्या तरी दारातून परत पाठवले आहे त्याला विचारा.

याच सिनेमाच्या वेळी बाईंनी एक व्यवहार केला तो मला फार आवडला. हक्क विकून एकरकमी पैसे घेण्याऐवजी त्या दिग्दर्शक आणि निर्माते यांच्याबरोबर भागीदार झाल्या आणि नफ्यातला वाटा घेतला. सिनेमा तुफान चालला. ‘माय स्टोअर’ची मुलगीच ती!

गुणच गायले असे व्हायला नको. काळ्या लोकांचे वर्णन करताना त्यांची लेखणी त्या काळच्या गोऱ्यांच्या सवयीतून सुटली नाही. ‘शो बोट’ ऐकताना काही ठिकाणी माझी मुलगीही अडखळली. एखाद्या प्रांतात थोडे दिवस राहून त्याच्यावर जाड पुस्तक लिहायचे, ही त्यांची रीत तिथल्या लोकांना खटके, आणि कधीकधी ते बरोबरही असेल. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग भरघोस आणि शेवट घाईचा, असेही मला दोन-तीनदा वाटले. पण झोपड्यांकडे बघा, असे टेक्सासला पाहुण्या बाईनेच सांगितले, घरच्यांनी नाही.

फर्बरबाईंनी लग्न केले नाही. याविषयी चहाच्या वेळी चर्चा होईल हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. दोन आत्मचरित्रे त्यांनी लिहिली, १९३९ आणि १९६३ साली. आई त्यांना १९४९ पर्यंत लाभली. १६ एप्रिल १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्या वारल्या, वय ८२. २००२ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे ८३ सेंटचे तिकीट काढले.

कार्यकारिणीने परवानगी दिली आहे, तेव्हा पुढल्या महिन्यात मंडळाच्या सभागृहात १९५१ चा ‘शो बोट’ दाखवायचा आहे. माझी मुलगी अधूनमधून मराठीत सांगेल. नायक-नायिका आणि गाणी यांवर तुमचे लक्ष जाईलच. मी म्हणते, त्या कटकट्या म्हातारीवर, पार्थीवर, एक डोळा ठेवा. लहान मुलांना आणले तर चालेल, पण बसायला सतरंजी आपापली आणावी.